पाला पिवळा पडायची वाट

मला वाट पाहता येत नाही. हा दोष आहे हे मला मान्य आहे, पण एकावन्न वर्षं तो माझ्याकडे राहतोय, आता त्याला घराबाहेर काढणं बरं दिसत नाही. कुकरची वाफ जायच्या आत मी झाकणाशी झटापट करते, भिंतीचा रंग वाळला का ते बोट लावून बघते, आणि कुणी वाक्य सुरू केलं की त्याचा शेवट मीच करून टाकते. माझं एक लग्नसुद्धा अशाच घाईत झालं होतं. कच्च्या टाक्यांवर कपडा घालून बाहेर पडलं की जे होतं तेच झालं, चार महिन्यांत सगळं उसवलं. तेव्हापासून मी आणि माझी मोठी बहीण एकत्र राहतो. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून मोठे लोकसुद्धा.

तर अशा बाईला एखाद्या पुरुषाने, हातातला चहाचा कप खाली ठेवत, "बटाटे निघाले की तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे," असं सांगावं आणि लिफ्टचं दार लावून खाली निघून जावं, हे माणुसकीला धरून आहे का? मी दाराशी उभी राहिले आणि लिफ्ट तळमजल्याला टेकल्याचा आवाज येईपर्यंत हलले नाही. आमची इमारत सहा मजल्यांची आहे आणि लिफ्ट म्हातारी आहे, त्यामुळे बराच वेळ उभी राहिले.

हा पुरुष म्हणजे त्या लिफ्टचा मेकॅनिक. आमच्या दोन खोल्या सगळ्यात वर आहेत. पुढच्या खोलीत आमचं दुकान, कपडे सैल-घट्ट करायचं, चेन बदलायचं, लांबी कमी करायचं. मागच्या खोलीत आम्ही राहतो. आमच्या दारावरून एक जिना गच्चीत जातो आणि गच्चीत लिफ्टची मशीन रूम आहे. म्हणजे त्यांना कामावर जायचं तर माझ्या दारावरूनच जावं लागतं, यात माझा काही कट नव्हता. दर मंगळवारी ते यायचे. गेल्या वर्षभरात लिफ्ट इतर वारीही बिघडायला लागली. ताई म्हणायची, लिफ्टला कळतं, तुलाच कळत नाही.

ताईने त्यांना मिलिमीटर हे नाव ठेवलं होतं. माणूस तसाच होता. दोर मोजायचे, ब्रेक मोजायचे, दार बंद व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, मग पुन्हा एकदा सगळं मोजायचे आणि तेव्हा कुठे दारावर टांगलेल्या तपासणीच्या तक्त्यावर सही करायचे. एकदा इमारतीच्या सेक्रेटरींनी घाई केली, सही करून टाका, तपासणी उद्या करा. मिलिमीटरनी पेनाचं टोपण लावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की खोटी सही हाताला लागली की सुटत नाही. मी वरून ऐकत होते. माझ्या हातातली पँट चुकीच्या बाजूने शिवली गेली.

बटाट्यांचं प्रकरण त्यांनीच सुरू केलं. गच्चीतली पाण्याची टाकी फुटली तेव्हा नवी बसवली आणि जुनी टाकून द्यायची ठरली. त्यांनी ती आडवी कापली, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडली आणि मातीने भरली. बियाण्यांच्या दुकानात मालाची लिफ्ट आहे, तीही तेच बघतात. तिथल्या बाईंनी त्यांना कोंब आलेले पाच बटाटे दिले होते. एक वीत खोल, दोघांमध्ये सारखं अंतर. रोप वाढलं की बुंध्याशी मातीची भर. आणि मशीन रूमच्या दारावर लिफ्टच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता टांगला गेला: तारीख, उंची, पाणी, शेरा, सही. माझ्या पूर्ण आयुष्यात माझ्याकडे कुणी इतकं लक्ष दिलेलं नाही.

पण मग ते मला वर बोलवायला लागले, हे बघा, कोंब वर आला. हे बघा, दुसरं पान. पाच रोपं बघायला किती वेळ लागावा? आम्हाला अर्धा तास लागायचा.

नवव्या आठवड्यात फुलं आली, पांढरी, मध्ये पिवळा ठिपका. मी लगेच म्हटलं, फुलं आली, आता खणू या. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मामांची बटाट्याची शेती होती. पाला पिवळा पडून आडवा झाल्याशिवाय मामा फावड्याला हात लावू द्यायचे नाहीत. तोवर साल जून होत नाही, आणि सालीशिवाय बटाटा टिकत नाही. मला झाडांमधलं काही कळत नाही, मला कापडातलं कळतं. मी गप्प बसले. मी गप्प बसले ती तारीख ताईने कॅलेंडरवर लिहून ठेवली.

अकराव्या आठवड्यात त्यांच्या कंपनीचं पत्र आलं. लांबच्या शहरात चाळीस मजल्यांची नवी इमारत उभी राहत होती, तिच्यात बारा लिफ्ट, आणि त्या सगळ्या यांनी सांभाळायच्या. तीन वर्षांसाठी. पगार जास्त, राहायला जागा. होकार की नकार ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर कळवायचं. हे सगळं त्यांनी आमच्या कटिंगच्या टेबलाशी बसून चहाच्या कपाला सांगितलं. मी कपाच्या जागी असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत राहिले, आता विचारतील, आता विचारतील. ते उठले, जिन्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाला अजून हिरवागार आहे." आणि गेले.

मी कात्री टेबलावर आपटली. ताई म्हणाली, मग तूच विचार. मी काय विचारू? त्यांना काय विचारायचंय तेच मला ठाऊक नव्हतं. कदाचित तेच असेल. कदाचित टाकीचा अर्धा भाग परत हवा असेल. एकावन्नाव्या वर्षी माणसाने पुढे होऊन बोलावं आणि समोरच्याने टाकीबद्दल बोलावं, यासारखा फजितीचा प्रसंग नाही. पण एक गोष्ट खरी होती आणि ती मी शिवणयंत्राचा पाय दाबत स्वतःशी कबूल केली. मला तो माणूस हवा होता. मंगळवारी तर हवाच होता, बुध-गुरु-शुक्रही हवा होता. आणि पाल्याला पिवळं पडायला तीन आठवडे लागणार असतील तर तोवर तो चाळीस मजल्यांवर चढून बसलेला असणार होता.

मग मी जे केलं ते शहाण्या बाईने केलं नसतं. बुधवारी दुपारी मी बाजारात गेले आणि दीड किलो बटाटे आणले, पांढरे, चांगले मुठीएवढे. ताई दुकानात गिऱ्हाईकाचं माप घेत होती. मी गच्चीत गेले आणि कठड्याच्या बाजूने टाकीत हात घालून एकेक बटाटा पुरला. वरून माती थापली. आता पाला. खिशात कपड्यावर खुणा करायचा पिवळा खडू होता. तो मी बोटांवर चुरला आणि पानाला चोळून बघितला. बसला. झकास बसला. मग मी पाचही रोपांची पानं एकामागून एक रंगवली, वरून आणि खालून, टोकाला जरा जास्त आणि देठाकडे कमी, कारण काम करायचं तर नीट करायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. नवरीबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही, ही लोकांची मेहेरबानी.

गुरुवारी ते आले. मी जिन्याच्या वळणावर लपून बघत होते, ताई माझ्या मागे उभी राहून पेरू खात होती. त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं. बोटं बघितली. पँटला पुसली. मग पुन्हा एक पान धरलं. नंतर पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं आणि अखेर तक्त्यावर काहीतरी लिहून सही केली. ते मशीन रूममध्ये गेल्यावर मी धावत जाऊन वाचलं. शेरा: पाने पिवळी. उद्या चार वाजता काढणी.

मी जिना उतरताना दोन पायऱ्या गाळल्या. फसला, मी ताईला सांगितलं. बिचारा साफ फसला. ताईने पेरूची बी थुंकली आणि विचारलं, कोण? मला वाटलं तिला ऐकू आलं नाही.

शुक्रवारी चार वाजता आम्ही तिघं गच्चीत होतो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी तीनदा साडी बदलली होती, आणि ताईने खुर्ची आणली होती, नाटकाला आल्यासारखी. फोन त्यांच्या वरच्या खिशात होता आणि त्यांनी पाच वाजायला पाच मिनिटं असतानाचा गजर लावला होता, कारण ते मिलिमीटर होते. रोपांभोवतीची माती त्यांनी हाताने मोकळी केली, फावड्याने बटाटा कापला जातो म्हणून. मी कठड्याच्या बाजूला हात घातला आणि पहिला बटाटा वर काढला.

"अरे वा," मी म्हटलं, "केवढा मोठा."

ते म्हणाले, फारच मोठा. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, पण ते जरा जास्तच होतं. मी दुसरा काढला, तिसरा काढला. मग त्यांनी मशीन रूमच्या बाजूने हात घातला आणि लाल बटाटा वर आला.

मी लाल बटाटे पुरले नव्हते.

त्यांनी दुसरा लाल काढला, पहिल्याएवढाच. एक वीत सोडून तिसरा, तेवढाच. एक वीत सोडून चौथा. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या वजनाचे नऊ लाल बटाटे त्या मातीत झोपले होते. जगात एकच माणूस असे बटाटे पुरू शकतो. मी वर बघितलं. त्यांचे कान बटाट्यांच्या रंगाचे झाले होते. चोराच्या मनात चांदणं असतं, पण इथे चोर दोन आणि चांदणं भर दुपारी पडलं होतं. मी हसायला लागले ते मला थांबताच येईना. मातीतच बसले, साडीची पर्वा न करता, आणि हसता हसता विचारलं की हे कधी केलंत.

आज सकाळी सहा वाजता, ते म्हणाले. मंडईतून आणले, वजन करून घेतले. बटाटे अजून झालेलेच नसणार, अशी त्यांची खात्री होती. टाकी रिकामी निघाली असती तर मला वाईट वाटलं असतं. आणि शुक्रवार उलटून गेला असता.

"पण पाला पिवळा आहे असं तुम्ही लिहिलंत," मी म्हटलं. "सही केलीत."

"खडू मला ओळखता येतो," ते म्हणाले. "वर्षभर माझ्या पँटींवर तुम्हीच खुणा करताय." मग त्यांनी मातीकडे बघत सांगितलं, "तेवीस वर्षांत पहिली खोटी सही केली. पण बटाटे निघाल्यावर विचारीन असं बोलून बसलो होतो. बोललेलं मोडता येईना, आणि तुम्हाला न विचारता जाताही येईना."

माझं हसू तिथेच थांबलं. जो माणूस सेक्रेटरीच्या घाईला बधला नाही, त्याने माझ्या खडूखाली सही केली होती. मला एकदम रडू यायला लागलं आणि ते मी नाक पुसण्यात लपवलं, म्हणजे नाकाला माती लागली.

पण मग मला प्रश्न पडला. "मग खरे बटाटे कुठे आहेत?" मी विचारलं. कारण टाकीत पाच रोपं होती, अकरा आठवडे पाणी प्यालेली, आणि तक्ता म्हणत होता की त्यांनी कर्तव्य केलेलं आहे. आम्ही दोघांनी रोपांच्या मुळाशी हात घातले. पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं, त्यांना चार-दोन गोट्यांएवढे बटाटे, आणि बाकी माती. कुणीतरी आमच्या आधी इथे येऊन गेलं होतं.

आम्ही दोघांनी एकाच वेळी खुर्चीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ताई म्हणाली. "खाल्लेत ना तुम्ही दोघांनी?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. फुलं आली त्या आठवड्यात ताई दुरुस्त केलेला एक स्वेटर द्यायला बियाण्यांच्या दुकानात गेली होती. तिने सहज विचारलं, पाला कधी पिवळा पडेल. दुकानातल्या बाई हसल्या. हे लवकर येणारं वाण आहे, त्या म्हणाल्या. याला पाल्याची वाट बघायची नसते. ती वाट साठवणीच्या बटाट्याची. हा साठवायचा नसतोच. फुलं उमलली की बाजूने बोटं घालून चाचपायचं, कोंबडीच्या अंड्याएवढा लागला की काढायचा, रोप तसंच उभं ठेवायचं. अंगठ्याने घासलं की साल सुटते, तीच खूण. त्याच दिवशी उकडायचा आणि खायचा. थांबलात तर चव जाते.

मग ताई रोज दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीत आली की थोडे काढायची. मिठाच्या पाण्यात उकडायची, वर लोणी घालायची आणि आम्हाला वाढायची. गेले तीन आठवडे. मंगळवारी मिलिमीटर आमच्याकडे जेवायचे तेव्हा त्यांनाही. मला आठवलं, त्यांनी एक बटाटा काट्यावर फिरवून म्हटलं होतं की इतकी पातळ साल त्यांनी कधी बघितली नाही, कुठून आणता? ताईने सांगितलं होतं, वरून. आम्हाला वाटलं ती नेहमीसारखी टवाळी करतेय.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मी म्हटलं. ताईने शांतपणे सांगितलं की आंधळ्यानेही दोनदा मागून खाल्लंय.

"पण सांगायचं ना," मी ओरडले.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं दोघं मुद्दाम लांबवताय. या वयात लाजतात लोक."

मला राग आला, खरा राग. तीन आठवडे. माझ्यासारखीने तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून काढले, आणि बटाटे पहिल्याच दिवसापासून पोटात होते. मी त्यांच्याकडे वळले. मी म्हटलं, मामांनी साठवणीचे लावले होते, आपण साठवून काय करणार आहोत? तुम्ही चोपन्न, मी एकावन्न. आपल्याला साल जून करून घ्यायची आहे का? आपला पाला काय पिवळा पडायची वाट बघायची? तेवढ्यात त्यांच्या खिशात गजर वाजला.

तो बंद करायला त्यांचे हात मोकळे नव्हते, कोपरापर्यंत माती होती. गजर वाजत राहिला. ते गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघत होते, आणि मग त्यांनी विचारलं. गजराच्या वर आवाज चढवून विचारावं लागलं, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"मी इथेच राहिलो," ते म्हणाले, "म्हणजे इथे, तुमच्याकडे, तुमच्याबरोबर, तर तुम्हाला..."

"चालेल," मी म्हटलं.

मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग धावपळ. पाचला चार मिनिटं. मी पदराला हात पुसले, त्यांच्या खिशातून फोन काढला, गजर बंद केला, त्यांनी नंबर सांगितला, मी चुकीचा लावला, पुन्हा लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरून उभी राहिले. इतक्या जवळून त्यांच्या कानातले दोन पांढरे केससुद्धा दिसत होते आणि मला ते फार आवडले. पलीकडून साहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. साहेब वैतागले होते. चाळीस मजले म्हणजे काय थट्टा आहे का, अशी संधी परत येत नाही, एवढं सोडायचं कारण तरी काय?

अकरा वर्षांपूर्वी मिलिमीटरची बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. रात्रीची पाळी असो की लांबची बदली, या माणसाला कंपनीने कधी घरचं विचारलं नव्हतं, कारण विचारायला घरी कुणी नव्हतं. बाकीचे मेकॅनिक घरच्यांचं एक वाक्य सांगून दर वर्षी सुटायचे. यांना ते कधीच सांगता आलं नव्हतं.

"घरी विचारलं, साहेब," ते म्हणाले. "घरचे नको म्हणतात."

साहेब म्हणाले, बरं, घरचे नको म्हणतात तर काय बोलणार, आणि फोन ठेवला.

मी फोन धरून तशीच उभी होते. मला हसायचं होतं की रडायचं होतं ते ठरत नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदम होत होतं. ताई खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घरचे म्हणजे कोण कोण?" तिने विचारलं. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. "मी धरून की सोडून?"

"धरून," मिलिमीटर म्हणाले. "तुम्हाला धरूनच मोजलंय."